बोनसच्या पैशातून पहिली स्पोर्ट्स कार: बडोद्यातल्या नवख्यांसाठी पायरी पायरीने

बँकिंग, सर्जरी, कॉर्पोरेट लॉ, मर्चंट नेव्ही, स्टार्टअप... झोप कमी आणि पैसा बरा अशा कुठल्यातरी लाइनमध्ये तुम्ही आहात, तिशी ओलांडलीय, आणि शाळेत वहीच्या मागच्या पानावर काढलेली पोर्शे आता खरंच हिशोबात बसेल असं वाटायला लागलंय, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, काम मर्जर-ॲक्विझिशनचं, आठवड्यातले काही दिवस गिफ्ट सिटी आणि बाकीचे मुंबई. मुंबई पासिंगची सेकंड हँड पोर्शे ७१८ केमन मी घेतली, ती आता जीजे-०६, म्हणजे बडोदा पासिंग आहे. हे करताना डीलर एक सांगतो, एजंट दुसरंच, आणि घरचे म्हणतात एवढ्यात वासणा रोडला दुकान आलं असतं. क्रमाने सांगणारं कोणीच भेटत नाही, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतेय.

सेकंड हँडच का ते आधी सांगते. पोर्शे भारतात जोडली जात नाही, आख्खी गाडी बाहेरून येते, आणि ४० हजार डॉलरच्या वरच्या अशा गाडीवर सरकारी शुल्क सगळं धरून साधारण ११० टक्के बसतं, त्यावर परत जीएसटी (सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के). म्हणजे नवीन गाडीच्या बिलात गाडी कमी आणि टॅक्स जास्त असतो. तो टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत सगळ्यात जोरात उतरते, ती उतरण त्याच्या खिशातून गेलेली असते. पहिल्या स्पोर्ट्स कारसाठी माझं मत स्पष्ट आहे, सेकंड हँडच घ्या.

१. गाडीआधी स्वतःचा पगार वाचा

ही पायरी सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोटाळे इथूनच सुरू होतात. गाडीचा खर्च दर महिन्याला सारखा येतो, पण आपल्यासारख्यांचा पैसा तसा येत नाही. बँकिंगमध्ये वर्षाच्या कमाईचा मोठा भाग बोनस असतो, त्यातला काही हिस्सा पुढच्या दोन-तीन वर्षांवर ढकललेला, आणि डील्स नाहीत तर बोनस नाही. टेकमध्ये शेअर्स मिळतात, ते बहुतेक ठिकाणी चार वर्षांत हळूहळू हातात येतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. जहाजावरच्या लोकांचा पगार बहुधा काँट्रॅक्टचे महिने तेवढाच. सर्जन मंडळींचं तर वेगळंच, एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमएसची तीन, सुपरस्पेशालिटीची आणखी तीन, म्हणजे कुठेही वर्ष न घालवता साडेअकरा वर्षं अभ्यासातच जातात, खरी कमाई बत्तिशी-तेहतिशीत सुरू होते, आणि हाताला दुखापत झाली की त्या दिवसापासून थांबते.

म्हणून सीटीसी विसरा. बोनस, शेअर्स, इन्सेंटिव्ह सगळं बाजूला काढून दर महिन्याला खात्यात पडणारा ठराविक आकडा लिहा. ईएमआय त्यावर बांधायचा. बोनस वापरायचा तो डाउन पेमेंटला, आणि तोही खात्यात आल्यावर, मॅनेजरने केबिनमध्ये आकडा सांगितला म्हणून नाही. एप्रिलचा बोनस गृहीत धरून फेब्रुवारीत टोकन देणारे लोक मी जवळून पाहिलेत, त्यातल्या एकाची आख्खी टीम मार्चमध्ये बंद झाली.

अजून एक अट, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी आहे. उद्या सकाळी राजीनामा द्यावासा वाटला तर गाडीमुळे हात अडकता कामा नये. म्हणजे कर्जाची बाकी रक्कम ही गाडी घाईत विकून येईल त्या किमतीपेक्षा कायम कमी पाहिजे, आणि घरखर्चाचे १२ महिने वेगळे ठेवलेले पाहिजेत. ज्या नोकरीने बीपीची गोळी सुरू केली तीच नोकरी फक्त गाडीच्या हप्त्यासाठी करत राहणारी माणसं आहेत, गुणी आहेत, आणि गाडी सोसायटीत कव्हरखाली उभी आहे कारण चालवायला रविवारसुद्धा मिळत नाही. गाडी घ्या, जरूर घ्या, पण नोकरी सोडता येईल अशा बेताने घ्या.

२. महिन्याचा खरा आकडा

उदाहरण घेऊ. गाडी ७० लाखांची, ३० तुमचे, ४० लाख कर्ज, ५ वर्षं, १० टक्के व्याज. हप्ता साधारण ८५ हजार. इथपर्यंत सगळे हिशोब करतात. त्यात इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर, पेट्रोल, बॅटरी आणि अचानक येणारं काहीतरी यासाठी मी महिन्याला अजून ३५ हजार धरायला सांगते आणि ते वेगळ्या खात्यात टाकायला सांगते, म्हणजे टायरचा सेट बदलायची वेळ आली की घरात वाद होत नाही. झाले १ लाख २० हजार. ठराविक पगाराच्या पाचव्या हिस्स्यापेक्षा हे जास्त नको असं मी मानते, म्हणजे हातात ६ लाख पडत असतील तर ही गाडी. नसतील तर कमी किमतीची बघा नाहीतर अजून दोन बोनस थांबा, दोन्हीत कमीपणा काही नाही.

स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या डॉक्टर, सीए, वकील मंडळींसाठी एक गोष्ट: कामासाठी वापर असेल तेवढ्या प्रमाणात घसारा (गाडीला वर्षाला १५ टक्के) आणि कर्जाचं व्याज खर्चात दाखवता येतं, पण गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही. आणि कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर गुजरातमध्ये रोड टॅक्सचा दर वाढतो. "कंपनीत टाका, सगळं वाचतं" असं कोणी सांगितलं की आपल्या सीएला विचारल्याशिवाय सही करू नका.

३. कोणती घ्यायची

इथे मी थोडक्यात आणि उघड पक्षपाताने लिहितेय.

एकटे असाल किंवा दोघंच, आणि घरात दुसरी गाडी असेल तर पोर्शे ७१८ केमन किंवा बॉक्सटर (तीच गाडी, पण टप उघडणारी). २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती, २ लिटर टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, इंजिन सीटच्या मागे मधोमध, त्यामुळे वळणावर गाडी जशी जाते ते शब्दात सांगणं अवघड आहे, एकदा चालवा. आणि मधे इंजिन असल्यामुळे डिकी दोन, एक पुढे एक मागे, आई-बाबांना नर्मदेला न्यायचं तर जागा नाही पण दोन दिवसांच्या बॅगा आरामात बसतात.

पोर्शेच्याच ९११ ला मागे दोन छोट्या सीट आहेत, लहान मूल बसतं. १९६३ पासून इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवायचा हट्ट त्यांनी सोडलेला नाही आणि तीच तिची मजा आहे. पण सावध, साधारण १९९७ ते २००८ मधल्या ९११, बॉक्सटर आणि पहिल्या केमनमध्ये (टर्बो आणि जीटी३ सोडून) इंजिनाच्या आत आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे, ते गेलं तर इंजिन गेलं. "इतक्या स्वस्तात ९११" अशी जाहिरात दिसली की आधी मॉडेलचं वर्ष बघा. २००९ च्या पुढच्या नव्या इंजिनांत ते बेअरिंग नाही.

फोर्ड मस्टँग २०१६ मध्ये ६५ लाखांना आली होती, ५ लिटर व्ही८, आवाजाला तोड नाही. पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातला कारभार आवरता घेतला, त्यामुळे पार्टसाठी वाट बघायची तयारी पाहिजे.

घरात मूल आहे, पार्किंग एकच आहे, तर मी बीएमडब्ल्यू एम३४०आय सुचवते. चेन्नईत जोडली जाते त्यामुळे आयातीचा बोजा कमी, पाच माणसं बसतात, चारही चाकांना ताकद, ३ लिटरचं सहा सिलेंडर इंजिन, आणि बडोद्यातल्या स्पीड ब्रेकरवर घासत नाही. दिसायला साधी वाटते म्हणून लोक नाक मुरडतात, चालवल्यावर गप्प बसतात.

४. शोध

बडोद्यात अशा गाड्या विकायला कमीच येतात, शोध अहमदाबाद आणि मुंबईतच करावा लागतो. पोर्शेचं सेंटर अहमदाबादला आहे, त्यांच्या ॲप्रूव्हड गाड्यांची १११ मुद्द्यांची तपासणी होते आणि वॉरंटी मिळते, किंमत जास्त असते, पहिल्यांदा घेणाऱ्याने ती द्यावी असं मला वाटतं. दुसरा मार्ग मोठे प्री-ओन्ड लक्झरी डीलर. तिसरा थेट मालकाकडून, यात भाव चांगला मिळतो पण सगळी जबाबदारी आपली.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते. तिथे १५ वर्षं झालेल्या पेट्रोल आणि १० वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून जुन्या गाड्या लोक लवकर काढायला लागले. वाईटच असतात असं नाही, पण लांबून गाडी घ्यायची तर तपासणीला माणूस पाठवायचाच. फोटोवरून टोकन देणं, विषय बंद.

मालकांशी ओळखी करा. बडोद्याला गाड्यांचं वेड नवीन नाही, जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर २१ गन सॅल्यूटचा व्हिंटेज गाड्यांचा सोहळा झाला तेव्हा गावातले किती लोक इंजिनाच्या झाकणात डोकं घालून उभे होते. अशा ठिकाणी भेटलेला माणूस डीलर कधी सांगणार नाही ते सांगतो, कोणती गाडी कुठे ठोकली होती, कोणाची दोन वर्षं उभी होती.

५. पुराची गाडी कशी ओळखायची

यावर सविस्तर लिहितेय कारण आपल्या गावात हा धोका खरा आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, समा, अकोटा, मुजमहुडा, फतेहगंज, कारेलीबाग, बेसमेंट पार्किंगमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इन्शुरन्सने टोटल लॉस केलेल्या गाड्या पुढे लिलावात जातात, कोणीतरी घेतो, धुतो, वायरिंग कामापुरतं ठीक करतो आणि दुसऱ्या शहरात विकतो. मुंबई, चेन्नईच्या पुरातल्याही अशाच इकडे येतात. स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, म्हणून दुसरी गाडी जितक्या पाण्यातून निघून जाईल तितक्यात हिच्या सीटखालचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट भिजतात.

एका यार्डात चंदेरी बीएमडब्ल्यू झेड४ बघायला गेले होते. बाहेरून काचेसारखी, आत लेदरला वास सुद्धा नवा. डीलर म्हणाला, "बेन, सिंगल ओनर छे, शोरूम कंडिशन छे." मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेले, नेहमी घालतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, रीळ थांबेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी रेघ होती, सरळ, आणि त्याच्या खाली पट्टा कडक झालेला. बेल्ट कोणी धुवत नाही, कारण आतला भाग कोणी बघत नाही. मग सीट पुढे करून रूळाचे बोल्ट बघितले, गंज. पुढे काही बघायची गरजच राहिली नाही.

तुम्ही गेलात की एवढं करा: चारही नाही तर दोन्ही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून खालचे बोल्ट टॉर्चने बघा. कार्पेटचा कोपरा उचला, खालच्या फोमला हात लावा, ओलसर किंवा मातकट आहे का. डिकीतलं मॅट काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा, बारीक गाळ कोपऱ्यात राहतोच. हेडलाइटच्या आत बाष्प किंवा पाण्याची रेघ. आणि जुनी इन्शुरन्स पॉलिसी मागा, पुराच्या सुमाराला क्लेम असेल तर कारण विचारा. गाडीत परफ्युम खूप मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा, खरा वास वर येतो.

बॉक्सटर घेत असाल तर एक फरक लक्षात ठेवा: टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्या तर साध्या पावसातही पाणी सीटखाली जातं. म्हणजे ओलं कार्पेट दिसलं म्हणून लगेच पुराची म्हणू नका, पण कंट्रोल युनिट तपासल्याशिवाय घेऊही नका.

६. तपासणी (पीपीआय, म्हणजे प्री-पर्चेस इन्स्पेक्शन)

अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यायचीच, खर्च तुमचा, आणि विकणारा नाही म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. पोर्शेची गाडी तपासायची कॉम्प्युटर सिस्टिम पीविस नावाची आहे, त्यातून जुने फॉल्ट कोड, इंजिन किती वेळा मर्यादेच्या वर फिरवलं आणि किती तास चाललंय ते निघतं. इंजिनचे तास आणि किलोमीटर यांचा मेळ बसत नसेल तर मीटरशी खेळ झालाय का ते विचारा.

वर्कशॉपच्या आधी स्वतः बघण्यासारखं:

- टायरच्या कडेला चार आकडे एका लांबट गोलात असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षांचा टायर मी बदलायचाच धरते आणि तेवढे पैसे भावातून कमी मागते. पोर्शेसाठी मंजूर टायरवर एन० किंवा एन१ असं लिहिलेलं असतं, चारही सारखे पाहिजेत.
- ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतील तर बहुधा कार्बन सिरॅमिक डिस्क आहेत. दिसायला भारी, बदलायला लागल्या तर छोट्या गाडीची किंमत. पहिल्या गाडीला साध्या लोखंडी डिस्कच बऱ्या.
- रंगाची जाडी मोजायचं यंत्र कोणाकडून तरी मागून आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो, एखाद्या दारावर ३०० आला तर तिथे काम झालंय, आणि ८००-१००० आला तर खाली पुट्टी आहे.
- पुढच्या बंपरच्या खाली आडवं होऊन बघा. खरचटलेलं असणारच, पण तुटून जोडलेलं असेल तर कूलिंगचे रेडिएटर नीट बघून घ्या, ते तिथेच पुढे असतात.

गाडी थंड असताना स्टार्ट करायला सांगा. तुम्ही पोचेपर्यंत इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

७. भाव आणि पैसे

थेट मालकाकडून घेतली तर जीएसटी नाही. डीलर त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी भरतो, पूर्ण किमतीवर नाही, हे माहीत असू द्या कारण "किमतीवर १८ टक्के वेगळे" असं सांगून बघणारे आहेत. १० लाखांच्या वरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विकतानाच घेतलेला आगाऊ आयकर) घेतो, ते पैसे तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरताना वजा मिळतात, म्हणून पॅन बरोबर द्या आणि जमा दिसतात का ते तपासा. रोखीचा आग्रह कोणी धरला तर २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, दंड घेणाऱ्याला बसतो, तरी भानगडीत आपणही येतो. सगळं बँकेतून.

टोकन देताना साध्या कागदावर का होईना पण लिहून घ्या: गाडी तपासणीत नापास झाली तर टोकन परत, किती दिवसांत एनओसी (ना हरकत दाखला) देणार, तोपर्यंतचे चलान कोणाचे, दुसरी चावी आणि सर्व्हिस बुक मिळणार की नाही. दुसरी चावी नसेल तर ती बनवण्याचा खर्च भावातून कापा, स्वस्त नसते. मालकावर कर्ज असेल तर पैसे त्याच्या हातात न देता बाकी रक्कम थेट त्याच्या कर्ज खात्यात भरा आणि उरलेले त्याला.

८. कागदपत्रं आणि आरटीओ

विकणाऱ्याकडून:
- आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, सही केलेले
- दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- पॅन, पत्त्याचा पुरावा, मूळ बिल आणि आयातीचे कागद असतील ते सगळे
- सर्व्हिसची जुनी बिलं

तुमच्याकडून: पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, कर्ज घेतलं असेल तर फॉर्म ३४, आणि बाहेरच्या राज्याची गाडी असल्यास नव्या नंबरसाठी फॉर्म २७.

पैसे देण्याआधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा: मालकाचं नाव तेच आहे का, कर्ज नोंदलेलं आहे का, चलान किती बाकी आहेत, ब्लॅकलिस्ट तर नाही ना. एक्सप्रेसवेच्या कॅमेऱ्यांमुळे अशा गाड्यांवर चलानांची लांबलचक यादी निघते आणि ती भरल्याशिवाय एनओसी पुढे सरकत नाही.

चासी नंबरचा ठसा फॉर्मवर लागतो, कागद नंबरवर ठेवून पेन्सिल घासायची. स्पोर्ट्स कारमध्ये तो नंबर अवघड जागी असतो आणि आरटीओबाहेरच्या एजंटला सवय नसते, तो पाना घेऊन काहीही उघडायला लागतो. तपासणीच्या वेळीच वर्कशॉपमधून तीन-चार ठसे काढून आणि जागेचा फोटो काढून ठेवा.

आपलं आरटीओ दरजीपुऱ्याला, गोल्डन चोकडीच्या बाजूला. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि टॅक्स परत भरावा लागतो, गाडीचं वय बघून. साध्या खासगी कारला गुजरातमध्ये ६ टक्के आहे, आयात केलेल्या गाडीला जास्त, म्हणून गाडीचा भाव ठरवण्याआधी आरसीची प्रत घेऊन जाऊन तुमच्या गाडीचा नेमका आकडा विचारून या. तो आकडा लाखांत असतो आणि तो धरल्याशिवाय मुंबईची गाडी अहमदाबादच्या गाडीपेक्षा स्वस्त की महाग ते कळत नाही. जुन्या राज्यातल्या उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, नवी आरसी दाखवून, पण तो कोणाला मिळणार हे करारातच लिहा, नंतर फोन कोणी उचलत नाही.

एजंट घ्यायला हरकत नाही, पण कोरा फॉर्म सही करून कोणाला देऊ नका आणि मूळ कागदांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

९. इन्शुरन्स, चावी हातात यायच्या आधी

जुनी पॉलिसी चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नावावर करायला १४ दिवस मिळतात, न केल्यास क्लेम अडतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो त्याच्याबरोबर जातो. झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) घ्या, आणि बडोद्यात राहता म्हणून इंजिन प्रोटेक्शन घ्याच. पाण्यात उभी राहिलेली गाडी कोणी स्टार्ट केली आणि सिलेंडरमध्ये पाणी जाऊन इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, वॉचमनलासुद्धा: पाणी आलं तर चावीला हात लावायचा नाही, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) बोलवायचा. विश्वामित्रीच्या आसपास राहत असाल तर जुलै-ऑगस्टपुरती उंचावरची जागा आधीच बघून ठेवा, नातेवाईकाचा बंगला, भाड्याचं गॅरेज, काहीही, बेसमेंट नको.

रेसट्रॅकवर झालेलं नुकसान या पॉलिसीत येत नाही, ट्रॅक डेला जाणार असाल तर हे धरून जा.

१०. घरी आल्यावर

सोसायटीच्या उतारावर गाडी तिरकी घ्या, एक चाक आधी, म्हणजे नाक घासत नाही. ९११ मध्ये पुढचं नाक उचलायची सोय ऑप्शन म्हणून येते, असलेली मिळाली तर तिला दोन पैसे जास्त द्या.

तुम्ही आठवडा-आठवडा बाहेर असणार, गाडी उभी राहणार, बॅटरी उतरणार. भिंतीला लावायचा बॅटरी मेंटेनर आणा आणि लावून ठेवा. उंदीर वायरी खातात, पावसाळ्यात जास्त, दर पंधरवड्याला बॉनेट उघडून बघायला घरातल्या कोणाला तरी शिकवा. बाबांना हे काम दिलं की गाडीवरचा त्यांचा राग कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

पेट्रोल ९५ किंवा वरच्या ऑक्टेनचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. २० टक्के इथेनॉलचं मिश्रण आता सगळीकडे आहे, जुनी गाडी असेल तर तिला ते चालतं का हे वर्कशॉपला विचारा, आणि उभी ठेवणार असाल तर तेच जुनं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका.

उत्तरायणच्या आठवड्यात बॉक्सटरचा टप बंद. मांजा मानेवर येतो, दुचाकीवाल्यांना येतो तसाच उघड्या गाडीतही. नवरात्रात रात्री गरब्याच्या ग्राउंडजवळून नेऊच नका, गर्दीत दोन-तीन पोरं दुचाकीवरून व्हिडिओ काढत चिकटतात आणि तुम्ही खाली बसलेले असता, दिसत नाहीत.

चालवायला जागा आहे आपल्याकडे, अहमदाबादचा एक्सप्रेसवे ९३ किलोमीटर, आणि २०२४ पासून दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा भरूचकडचा तुकडा, या तुकड्यावर मर्यादा १२०. सकाळी सहाला जा, सातपर्यंत परत या. पहिला पाऊस पडल्यावर रस्ता तेलकट असतो, मागच्या चाकांची ताकद असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढू नका, एकदम दाबूही नका, आणि ट्रॅक्शन कंट्रोलच्या (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) बटणाला पहिलं वर्षभर हात लावू नका.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक बँकरला तोंडावर सांगते. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, हे अभ्यासांतून दिसलंय, आणि आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. डील क्लोज झाली, पहाटे तीनला ऑफिसमधून सुटलात, किंवा नाइट ड्युटी करून ओटीतून निघालात, तेव्हाच "आज मोकळा रस्ता आहे" असं वाटतं. त्या दिवशी कॅब. गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक रात्र राहिली तर तिला काही होत नाही. मी तर कामाच्या दिवशी ती नेतच नाही, चावी आईच्या कपाटात असते आणि शनिवारी सकाळी, झोप झाल्यावर, तिच्याकडून मागून घेते.

पहिल्या महिन्यात ब्रेक ऑइल बदलून घ्या, जुन्या मालकाने दोन वर्षांत बदललं असल्याचं बिल नसेल तर. अलाइनमेंट तपासा. आणि अहमदाबादच्या सर्व्हिसची तारीख लगेच बुक करा, दिवाळीच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत.